खच्चरांना गळा नव्हता

यंदाही रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झाल्या. कापसाच्या गाड्या वरपर्यंत भरून कळंबकडे निघतात, जाताना काट्यांना घासतात आणि काट्याकाट्यावर पुंजके ठेवून जातात. तुरी पिवळ्या फुलल्यात. सकाळी शाल लागते, ऊन वर आलं की तीच अंगाला टोचते. हे दिवस माझ्या फार आवडीचे. होते, असं म्हणायला हवं. धाकट्या भावाच्या, सुधाकरच्या वावरात मी या दिवसांत मुक्काम ठोकायची. ओल्या दाण्यांचा सोलेभात खायचा, वेचणीच्या बायांशी गप्पा हाणायच्या, संध्याकाळी अंगाला कापसाचा वास घेऊन झोपायचं. यंदा तो दोनदा बोलावून गेला आणि मी दोन्हीदा गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत माझे. मला त्याच्या धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड बघवत नाही, एवढंच.

त्या झाडाखाली धानीबाई बसायची.

टेकडीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे आमच्यासारखेच कापूस-तुरीचे शेतकरी. घरची वेचणी आटोपली की तांड्यातल्या बाया सुधाकरच्या वावरात यायच्या आणि त्यांच्यासोबत ही म्हातारी. वय ऐंशीच्या पुढे, कंबर वाकलेली, हातात हाडाच्या रंगाच्या जुन्या बांगड्या. तिला कपाशीच्या ओळीत, तासात, वाकून वेचवत नसे, म्हणून ती झाडाखाली बसून कापसातला पालापाचोळा काढायची आणि तोंडाने सगळ्या बायांची उणीदुणी. मी पहिल्यांदा तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "मास्तरीण होय का तू? मंग बस की खाली. वर्गात हायस का?"

मी बसले. आयुष्यभर कळंबच्या शाळेत इतिहास शिकवला, पोरं मला चळाचळा कापायची, आणि इथे मी गुमान खाली बसले.

ते दिवस सीतादहीचे होते. पहिल्या वेचणीआधी आम्ही वावरात दहीभात शिंपडून पूजा करतो, त्याला सीतादही म्हणतात. पूजा आटोपली, बाया कापसासाठी कमरेला ओट्या बांधून तासाला लागणार, एवढ्यात मारेगावकडची एक म्हातारी धुऱ्यावरून आली. धानीबाईने हातातला कापूस टाकला, धडपडत उठली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्याने आकांत सुरू झाला. मी धावले. "कोण गेलं? काय झालं?" तासातल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. "कोनी नाई मेलं मॅडम. भेटून राह्यल्या थ्या."

खूप दिवसांनी भेटलेल्या लमाण बाया अशाच भेटतात, हे मला तोवर ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची, पाठीवर हात थोपटायचा आणि सुरात रडायचं. त्या रडण्यात सगळा हालहवाल असतो. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा बैल दगावला, कोणाची लेक नांदत नाही. नवं दुःख सांगून झालं की जुनी दुःखं निघतात, आईबापापर्यंत मागे जातात. मला त्यांची गोर बोली धड कळत नाही. पण त्या आकांतात एक शब्द आला आणि माझे कान टवकारले. "बरमा." कळंब तालुक्यातल्या धुऱ्यावर ब्रह्मदेश कुठून आला?

दुपारी भाकरी खाताना विचारलं. "मह्या बाप," ती म्हणाली. "मी याडीच्या पोटात होती तवा गेला थो. लढाईत." कोणत्या लढाईत, कोणाकडून, कसा, असे माझे प्रश्न सुरू झाले. धानीबाईने कांदा बुक्कीने फोडला आणि म्हणाली, "असं नाई सांगता येत, मास्तरीण. गळ्यात पडा लागते."

मग ती माझ्या गळ्यात पडली. भर दुपारी, भाकरीचा घास माझ्या हातात तसाच.

त्या रडण्यातलं जे मला कळलं आणि जे पुढे कितीतरी दुपारी मी तिला विचारून विचारून समजून घेतलं, ते असं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कळंबच्या बाजारात भरती करणारे आले. जनावरांचं कोणाला कळते, असं त्यांनी विचारलं. थावरू, म्हणजे धानीबाईचा बाप, हात वर करून उभा राहिला. बैलांच्या पाठी ओळखणाऱ्यांच्या घरातला तो. त्याला खच्चरं दिली. बंदूक नव्हती त्याच्याकडे, खच्चरांचे दोर होते. आगगाडीने नेलं, जंगलात नेलं, आणि त्या खच्चरांना गळा नव्हता. "गळो छेनी," असं ती रडायची, आणि तिथे तिचा सूर खाली यायचा आणि मोडायचा. माणसांनी त्यांचा आवाज काढून घेतला होता, आणि काढताना थावरूने त्यांची डोकी मांडीवर धरली होती. पुढे पाऊस, चिखल, पळापळ. एक खच्चर मागे चिखलात राहिलं. थावरू त्याला आणायला परत गेला. गळा असता तर खच्चराने हाक दिली असती, हाक आली असती तर तो त्याला लवकर सापडला असता, सापडून माझ्या याडीच्या दारात आला असता, असं ती सुरात म्हणायची. तो गेला तो दिसला नाही. उमरखेडकडच्या एका सोबत्याने त्याची पाठ तेवढी पाहिली, आणि लढाई संपल्यावर तो सोबती पायी येऊन थावरूच्या बायकोला हे सांगून गेला. तिने ते रडून ठेवलं. तिच्या खांद्यावरून ते धानीबाईच्या खांद्यावर आलं.

मी मोबाइल काढला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, एकदा यात रड ना धानीबाई, जपून राहील. तिने फोन उलटा-सुलटा करून पाहिला. "याच्या कुठं गळ्यात पडू?" म्हणाली, आणि बाया अशा खिदळल्या की मीही हसले. विषय तिथेच संपला.

शाळेत मी पोरांकडून तीन प्रश्न घोकून घ्यायची. कोण सांगते? कधी सांगते? सांगून त्याला काय मिळते? कोणी राजाची गोष्ट सांगो की गावच्या वेशीची, आधी हे तीन विचारायचे आणि मग मान डोलवायची. तर मी धानीबाईलाही सोडलं नाही. सांगणारी तिथे नव्हती. तिच्या आईनेही पाहिलं नव्हतं. आणि गळा नसलेली खच्चरं म्हणजे, मला वाटलं, दुःखाला आलेला बहर. बाईमाणूस रडताना चार शब्द सजवते. मी तसं वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

मग यवतमाळच्या ग्रंथालयात, त्या युद्धावर एका गोऱ्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या आठवणी चाळत असताना ते वाक्य समोर आलं. शत्रूला कानोसा लागू नये म्हणून जंगलात नेण्याआधी खच्चरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करत, त्यानंतर ती ओरडू शकत नसत. अगदी सहज लिहिलं होतं, सामानसुमानाच्या गोष्टींमध्ये. "अगं बाई!" मी एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की पेपर वाचणारे सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या आडरानातल्या तांड्यात, अक्षरओळख नसलेल्या बाईने, हे कुठून रचलं असतं? माणूस शौर्य रचू शकतो, सूड रचू शकतो, देव-दैत्य रचू शकतो. मुकी खच्चरं कोण रचेल? ती पाहिलेल्या माणसाकडूनच आली असणार. एसटीत बसून परत येताना माझे डोळे वाहत होते आणि शेजारची बाई मला पाण्याची बाटली पुढे करत होती. माझं रडू दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं पोरांना शिकवलेली गोष्ट पहिल्यांदा माझ्या हातात धडधडत होती.

सरकारी कचेऱ्यांना मी पत्रं धाडली. नाव आढळत नाही, असं उत्तर आलं. न आढळलेल्या माणसांनीच अर्धा इतिहास भरलेला असतो, तेव्हा मी काही हातपाय गाळले नाहीत. सुधाकर चिडवायचा, "ताई, पेन्शन घेऊन घरी बसतात माणसं. तू काहून जासूसी करून राह्यली?" मी उमरखेड गाठलं. विचारत विचारत त्या सोबत्याचं घर सापडलं. तो कधीच गेला होता. त्याची सून होती, म्हातारी, दारात वाटाणे सोलत बसलेली. सासऱ्याने लढाईचं काही सांगितलं का, म्हणून विचारलं तर मान हलवली. "शब्द नाई बोलला. पण गोठ्यातलं जनावर लई वेळ ओरडलं नाई, की घाबरून उठे. हात लावून पाहे. ओरडवल्याबिगर थाऱ्यावर येत नसे."

थावरूचं नाव मी तिथे काढलंही नव्हतं, खच्चरांचं तर नाहीच. ओटा उतरून मी पहिली एसटी धरली. धानीबाईला जाऊन सांगितलं की तुझ्या याडीचं सगळं खरं होतं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "खोटं कोन रडते वो?" ती म्हणाली.

खोटं कोण रडते. मी तेव्हा हसले होते. आता ते वाक्य आठवलं की स्वयंपाकघरात हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं.

कारण मग विनोद आला. विनोद म्हणजे धानीबाईचा नातू, कळंबला स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि माझाच विद्यार्थी. पहिल्या बाकावरचा. पोरगा वाईट नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आजीला दवाखान्यात पाठीवर घेऊन जाणारा पोरगा तो. त्याने तांड्याच्या वाटेवर पणजोबांच्या नावाने कमान आणि पुतळा उभारायचं मनावर घेतलं. मला एवढा आनंद झाला की मी पेढे घेऊन दुकानात गेले. त्याने छापलेलं पत्रक पुढे ठेवलं. त्यात थावरू इंग्रजांची फौज सोडून देशासाठी लढणाऱ्या फौजेत गेला होता. हातात बंदूक घेऊन शत्रूच्या चौकीवर चालून गेला होता. छातीवर गोळ्या झेलून, झेंडा न सोडता पडला होता. खच्चराचं नखसुद्धा नव्हतं कुठे.

"हे कुठून आणलंस रे?"

"नेटवर हाय ना मॅडम."

"नेटवर कोणी टाकलं?"

तो थोडा लाजला. "मीच टाकलं मागच्या साली. मंग थे पेपरात आलं. आता पेपरचा पुरावाच हाय ना."

माझा पारा चढला. मी रागीट बाई आहे, सगळ्या कळंबला माहीत आहे. स्वतः पेरलेलं स्वतःच कापून आणलंस आणि त्याला पुरावा म्हणतोस? जे खरंच घरदार सोडून त्या फौजेत गेले, मेले, त्यांच्या ताटातलं का ओढतोस? तुझ्या पणजोबाला हे उसनं कशाला पाहिजे? एका मुक्या जिवाला आणायला तो मरणाच्या तोंडात परत गेला, एवढं पुरत नाही का तुला? गिऱ्हाईकं उभी होती, मला भान नव्हतं. विनोदने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, खच्चर हाकणाऱ्याची कमान कोन बांधते, सांगा."

मी पत्रक त्याच्याकडे सरकवलं.

"तुमीच शिकवलं ना आम्हाले, तीन प्रश्न. कोन सांगते? थावरूचा पणतू सांगते. कधी सांगते? आज. सांगून काय मिळते?" त्याने पत्रक पुन्हा माझ्यापुढे ठेवलं. "तांड्याले रस्ता मिळते, मॅडम. एसटी थांबते. शाळेत पोरं आम्हाले काय म्हणत, तुमाले माहीत हाय. थे म्हणणं बंद होते."

काय म्हणत, ते मला माहीत होतं. पेढ्यांचा पुडा मी तिथेच ठेवून आले.

भांडले मी, नाही असं नाही. पंचायतीत गेले, पेपरवाल्याला लिहिलं, तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या ओट्यावर बसून पुस्तकातलं पान वाचून दाखवलं. नायकाने चहा पाजला आणि पानाकडे पाहिलं नाही. फोनवरच्या गटांमध्ये माझ्याविषयी काय काय फिरलं ते सुधाकरने मला वाचू दिलं नाही. "ताई, कोणाचं काय बिघडते?" तो म्हणाला. "लोकं खूश आहेत. म्हातारी खूश आहे. तुले काहून एवढं लागते?"

मला काय लागते, ते मला त्याला सांगता आलं नाही. थावरूचं हाड नाही, फोटो नाही, अंगठा नाही. माणसाचं या जगात एवढंच उरलं होतं, एका म्हातारीच्या गळ्यातलं एक रडणं. तेवढंही पुसायचं म्हणजे तो दुसऱ्यांदा चिखलात गेला, आणि या वेळी त्याची पाठ पाहणारंही कोणी नाही. असं सगळं मनात येत होतं आणि तोंडातून मात्र "तू गप बस, तुला काही कळत नाही," एवढंच निघालं.

कमानीच्या दिवशी मीही गेले. वाट झाडून काढली होती, बाया आरशांच्या जुन्या चोळ्या-घागऱ्यांत, पोरांच्या हातात झेंडे. कोणी पुढारी आले, कोणकोणत्या गाड्या आल्या. तांड्यात एवढ्या गाड्या पहिल्यांदाच आल्या असतील. पुतळा चांगला होता. मिशा पिळदार, बंदूक रोखलेली. धानीबाईला खुर्चीवर बसवलं होतं, नवं लुगडं, गळ्यात हार. ती पुतळ्याच्या तोंडाकडे बघत होती. बापाचं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आता ते समोर होतं, रंगवलेलं. तिने हात वर करून त्या सिमेंटच्या गालावरून फिरवला. मी उठून बोलणार होते त्या दिवशी. पुस्तकातल्या पानाची प्रत पिशवीत होती. तो हात पाहिला आणि बसून राहिले.

नंतर बरेच दिवस मी तिकडे फिरकले नाही. रागही होता आणि तोंड दाखवायचा धीरही नव्हता. वेचण्या संपत आल्या, कपाशीच्या पऱ्हाटीवर उरलंसुरलं किडकं, कवडीचं बोंड राहिलं, तेव्हा एका संध्याकाळी मला राहवेना. कमानीखालून तांड्यात शिरले. धानीबाई दारात ऊन खात बसली होती. मला पाहून उठली. "मास्तरीण! अवो किती दिस झाले!" आणि गळ्यात पडली.

हनुवटी खांद्यावर आली, हात पाठीवर आला, सूर लागला. माझ्या माहेरी गेल्यासारखं झालं मला. कोणाच्या घरी काय झालं ते आलं. याडी आली. बाजार आला, भरती आली, बरमा आला. जंगल आलं. मी डोळे मिटून पुढच्या वळणाची वाट पाहत होते, जिथे तिचा सूर खाली येऊन मोडायचा. सूर खाली आला नाही. बंदूक आली. चौकी आली. छाती आली, झेंडा आला. चाल तीच, हुंदके तेच, अश्रू गरम, माझं पोलकं भिजलं. ती खोटं रडत नव्हती. ती मनापासून रडत होती.

रडणं संपलं तरी मी तिला सोडलं नाही. कानाशी हळूच म्हटलं, "धानीबाई, अन् खच्चरं?"

पाठीवर थोपटणारा हात थांबला. तिचं तोंड माझ्या खांद्यामागे होतं, मला दिसत नव्हतं. अंगणात विनोदची पोरगी कोंबडीमागे धावत होती.

"कोनते खच्चरं वो, मास्तरीण?"

ती विसरली होती, की तिने ती नातवाला देऊन टाकली होती, हे मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, वय झालं होतं. कधी वाटतं, तो थांबलेला हात सगळं जाणून होता; लेकरांना ताठ उभा राहिलेला बाप लागतो, म्हणून म्हातारीने चिखलातला बाप स्वतःच्या हाताने आत लोटून दिला. मी विचारू शकले असते. मी चहा प्याले आणि निघाले. पावसाळ्यात, ज्वारी गुडघ्याला लागली असताना, ती गेली. कमानीजवळ एसटी आता खरंच थांबते. कंडक्टर थावरूचं नाव घेऊन हाक मारतो आणि तांड्याच्या पोरी दप्तरं घेऊन उतरतात. त्यांच्याकडे पाहून मला राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग मला जमतो.

काल सुधाकर तिसऱ्यांदा आला आणि मला गाडीवर घालूनच घेऊन गेला. वावर पांढरंशुभ्र. तांड्यातल्या बाया तासात होत्या. त्यांनी वाकल्या वाकल्या "नमस्कार मॅडम" म्हटलं आणि पुन्हा हात चालू केले. मोहाच्या झाडाखाली कोणी नव्हतं.

मी तिथे जाऊन बसले. हे सगळं मी लिहिते आहे, पण उद्या माझाच एखादा विद्यार्थी मला विचारेल. कोण सांगते? एक मास्तरीण, जी त्या तांड्याची नाही, त्या बोलीची नाही. कधी सांगते? सगळं उलटून गेल्यावर. आणि पुरावा? इंग्रजी पुस्तकातलं एक पान, ज्यात थावरूचं नाव नाही. उमरखेडची एक म्हातारी, जिने थावरूला पाहिलं नाही. आणि माझा हा डावा खांदा.

ते रडणं मला पाठ आहे, सुरासकट, जिथे मोडायचं तिथपर्यंत. काल झाडाखाली मी तोंड उघडलं. एकदा तरी म्हणून ठेवावं, थावरूसाठी, त्या चिखलातल्या जनावरासाठी. गळ्यातून काही आलं नाही. असं नाही रडता येत. त्याला गळ्यात पडायला माणूस लागतं, आणि माझं ते माणूस पावसाळ्यात गेलं.